छोट्या गावाची ओस पडलेली बाजारपेठ पुन्हा कशी गजबजेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावाच्या मध्यभागातली जुनी बाजारपेठ सावरू पाहणारे दुकानदार, गाळ्यांचे मालक, पालिकेतली मंडळी आणि नुसतेच गावावर जीव असलेले रहिवासी हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत. जिथे काम खरोखर अडतं तिथे जास्त वेळ घेतला आहे.

पेठ ओस पडते ती ऑनलाइन खरेदीमुळेच ना?

ऑनलाइन खरेदीने शेवटचा धक्का दिला, पण घसरण सुरू झाली ती त्याच्या कितीतरी आधी. गाड्या आल्या, गावाबाहेरून वळणरस्ता झाला, मोकळ्या जागेच्या ओढीने कचेऱ्या, दवाखाने, शाळा एकेक करून बाहेर पडल्या. दुकानांच्या वर राहणारी कुटुंबं नव्या वसाहतींत गेली. मग मॉल आले. व्हिक्टर ग्रुएन या मूळच्या ऑस्ट्रियन वास्तुविशारदाने आखलेला साउथडेल हा पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल १९५६ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात उघडला आणि पुढे त्याचीच नक्कल होत राहिली. गंमत अशी की ग्रुएनला त्याच्याभोवती घरं, दवाखाने, शाळा असं अख्खं गावच हवं होतं. बांधणाऱ्यांनी त्यातली दुकानं तेवढी उचलली. उतारवयात ग्रुएनने या मॉलांशी आपलं नातंच नाकारलं.

थोडक्यात, पेठेत रोज पाय वळण्याची पाच-सहा कारणं एकापाठोपाठ गेली आणि गिऱ्हाईक त्यांच्या मागोमाग गेलं. बँकेत आलेला माणूस जाता जाता दोन दुकानांत डोकावत असे. बँकच हलली, तर तो कशाला येईल? म्हणून उपाय फक्त दुकानांपुरता ठेवून भागत नाही.

सुरुवात कुठून करायची?

मोजण्यापासून. जपानमधल्या नागाहामाच्या पेठेची १९८०च्या दशकातली एक गोष्ट सांगतात: रविवारी दुपारी तासभर मोजणी केली, तर रस्त्यावरून चार माणसं आणि एक कुत्रा गेला. असा आकडा हाती असला की सभेत 'तसं काही वाईट नाही हो' म्हणायला कुणाला तोंड राहत नाही. तिथे काळ्या भिंतींची एक जुनी बँकेची इमारत पाडली जाण्याच्या बेतात होती. पालिका आणि काही स्थानिक कंपन्यांनी १९८८ मध्ये मिळून एक कंपनी काढली, ती इमारत वाचवली आणि तिथे काचकामाचं केंद्र सुरू केलं. मग आजूबाजूची रिकामी घरं-दुकानं एकेक करून उघडत गेली. आता वर्षाला लाखो लोक तिथे येतात.

मोजणीसाठी एका कोपऱ्यावर उभं राहा. सकाळी, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी, दर वेळी दहा मिनिटं. नुसती जाणारी माणसं वेगळी लिहा आणि थांबणारी वेगळी, कारण धंदा थांबणाऱ्यांवर चालतो.

मग वही घेऊन पेठ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला आणि प्रत्येक गाळ्याची एक ओळ लिहा. बंद शटर जवळून पाहा. कडीला गंज चढलाय, शटरखालून सरकवलेली पत्रकं आणि बिलं आत साचलीत, पायरीवर धुळीचा थर आहे, तर गाळा खरोखर बेवारस पडलाय. पण कुलूप हाताळून गुळगुळीत झालंय आणि पायरी झाडलेली आहे, तर कुणीतरी आतली जागा गोदाम म्हणून वापरतंय. दोन्ही शटरं लांबून सारखीच दिसतात, पण त्यांच्या मालकांशी करायची बोलणी सर्वस्वी वेगळी असतात.

नवी फरशी, शोभेचे दिवे, कमान यांपासून सुरुवात केली तर?

बहुतेक ठिकाणी हेच होतं, कारण त्यासाठी निधी मिळतो, फीत कापता येते आणि फोटो चांगला येतो. रस्ता वर्षभर खणलेला राहतो आणि तग धरून असलेली चार दुकानं तेवढ्यात बसतात. फरशी पडते, वर्दळ तेवढीच राहते.

त्याऐवजी दर्शनी भागाकडे लक्ष द्या. डॅनिश वास्तुविशारद यान गेल यांनी शहरांतल्या रस्त्यांवर चालणाऱ्यांचं वर्षानुवर्षं निरीक्षण केलं. शंभर मीटरच्या अंतरात पंधरा ते वीस दारं असतील तर रस्ता जिवंत वाटतो, असा त्यांचा ठोकताळा. साध्या चालीने चालणाऱ्याला मग दर चार-पाच सेकंदांनी काहीतरी नवं दिसतं. जुन्या पेठांचे अरुंद गाळे या हिशेबात आयतेच बसतात. तीन गाळे पाडून एक रुंद काचेचा शोरूम करू देणं म्हणजे हे भांडवल फुकट घालवणं. काचेवर आतून चिकटवलेले जाहिरातींचे कागद काढणं, पाटी रंगवणं, बंद दुकानाच्या काचेमागे रात्री एक दिवा लावणं ही कामं आठवड्याभराची आहेत आणि फरक चटकन दिसतो.

हे सगळं करणार कोण? व्यापारी संघटनेला वेळ नाही, पालिकेला माणूस नाही.

खरी मेख इथेच आहे. संध्याकाळी दुकान बंद करून दमलेले चार लोक समितीत बसतात, सहा महिने उत्साह टिकतो आणि मग पुढच्या बैठकीची तारीखच ठरत नाही. माझं ठाम मत आहे की पहिला पैसा पगारी माणसावर खर्च करावा. एकच माणूस चालेल, पण पूर्णवेळ आणि पेठेतच बसणारा.

अमेरिकेत जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टने १९७७ मध्ये गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन छोट्या गावांत प्रयोग सुरू केला. प्रत्येक गावात एक व्यवस्थापक नेमला. दुकानदारांना गाठणं, मालकांशी बोलणं, पाट्यांपासून कर्जाच्या कागदांपर्यंत सगळ्यात मदत करणं हेच त्याचं काम. त्यातून १९८० मध्ये नॅशनल मेन स्ट्रीट सेंटर उभं राहिलं. संघटन, प्रसिद्धी, इमारतींचं रूप आणि अर्थकारण अशा चार बाजू त्यांनी एकत्र धरल्या. यांतली एकच पकडली की काम लंगडतं, हे त्या अनुभवाचं सार. फ्रान्सने २०२० मध्ये २०,०००च्या आतल्या वस्तीच्या गावांसाठी जी योजना आणली, तिच्यातही प्रकल्पप्रमुखाच्या पगाराचा ७५ टक्क्यांपर्यंत भार सरकारने उचलण्याची सोय होती. इमारतींसाठी निधी देणाऱ्या योजना बऱ्याच असतात. माणसाच्या पगाराला पैसे देणाऱ्या कमी, आणि म्हणूनच मोलाच्या.

पैसा कुठून आणायचा?

अनुदान मिळालं तर घ्या, पण त्यावर विसंबू नका, कारण ते संपतं. नियमित येणारी छोटी रक्कम जास्त कामाची.

कॅनडात टोरोंटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेज या भागात १९७० मध्ये दुकानदारांनी एक नवी तोड काढली. भुयारी रेल्वे पुढपर्यंत गेल्यावर वरच्या रस्त्यावरचं गिऱ्हाईक कमी झालं होतं, शिवाय मॉल होतेच. स्वेच्छेने वर्गणी मागितली की निम्मे देतात आणि फायदा सगळे घेतात. म्हणून ठरलेल्या हद्दीतल्या प्रत्येक व्यवसायाकडून करासोबत थोडा जादा आकार वसूल करायचा आणि तो त्याच रस्त्यावर खर्च करायचा, अशी कायदेशीर सोय त्यांनी करून घेतली. जगभर पसरलेल्या अशा योजनांचं मूळ या रस्त्यावर आहे. एक सावधगिरी मात्र हवी. छोट्या पेठेत मुळात धंदे कमी, त्यामुळे आकार जड होतो. आधी वर्षभर स्वच्छता आणि दिव्यांचं काम नीट करून दाखवा, मग मागा.

मालक गाळा भाड्यानेही देत नाही आणि विकतही नाही. काय करायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आधी मालकाचं म्हणणं समजून घ्यावं. काही मालक परगावी असतात. काहींच्या मालमत्तेत पाच वारस आणि सहा वाद. काहींना भीती असते की भाडेकरू बसला तर उठणार नाही. काहींच्या डोक्यात वीस वर्षांपूर्वीचं भाडं बसलेलं असतं आणि त्याखाली उतरणं त्यांना कमीपणाचं वाटतं. 'मालक आडमुठे आहेत' या एका वाक्यात या सगळ्यांना गुंडाळलं की तोडगा निघत नाही.

भीती असलेल्या मालकांसाठी ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलचा मार्ग पाहण्याजोगा आहे. १९८९चा भूकंप, १९९९ मध्ये पोलाद कारखाना बंद, आणि मुख्य रस्त्यावर रिकाम्या दुकानांची रांग. मार्कस वेस्टबरी यांनी २००८ मध्ये 'रिन्यू न्यूकॅसल' ही संस्था काढली. तिने मालकांकडून भाडेकरार मागितलाच नाही. फक्त जागा वापरायची परवानगी घेतली, तीही महिन्या-महिन्याने वाढणारी. मालकाला खरा भाडेकरू मिळाला की तीस दिवसांच्या सूचनेवर जागा मोकळी. विमा आणि देखभाल संस्थेकडे. अशा जागांत कारागीर, चित्रकार, छोटे प्रकाशक आले. काहींचा धंदा जमला नाही, ते गेले. काहींचा जमला आणि त्यांनी पुढे रीतसर भाड्याने जागा घेतल्या.

गोड बोलून न ऐकणाऱ्यांसाठी कायदा लागतो. इंग्लंडमध्ये डिसेंबर २०२४ पासून, दोन वर्षांत मिळून ३६५ दिवस रिकामं राहिलेलं पेठेतलं दुकान भाड्याने देण्याचा लिलाव स्थानिक पालिका करू शकते. करार एक ते पाच वर्षांचा. वॉशिंग्टन डी.सी.मध्ये रिकाम्या इमारतीवर १०० डॉलर मूल्यामागे ५ डॉलर आणि मोडकळीस आलेलीवर १० डॉलर कर लागतो, म्हणजे नेहमीच्या दराच्या कितीतरी पट. तुमच्याकडे असे अधिकार नसतील तर निदान रिकाम्या गाळ्याला करात मिळणारी सूट आहे का ते तपासा. कित्येक ठिकाणी कुलूप लावून ठेवण्याचं बक्षीसच दिलं जातं.

तिसरी वाट जपानच्या ताकामात्सुमधली. मारुगामेमाची या पेठेत जमीन मालकांच्याच नावावर राहिली, पण वापराचा हक्क त्यांनी दीर्घ मुदतीने एका सामाईक कंपनीला दिला. कुठे कोणतं दुकान असावं हे कंपनी ठरवते आणि धंद्यातून खर्च वजा जाता उरेल त्यातून मालकांना भाडं देते. धंदा वाढला तर भाडं वाढतं, म्हणून रस्ता चालावा ही मालकाचीही गरज होते. पहिला टप्पा २००६ मध्ये पुरा झाला. ताकामात्सु काही छोटं गाव नाही. तरीही एकाच गल्लीतले सात-आठ मालक एकत्र येणं छोट्या गावातच जास्त सोपं असतं, भाऊबंदकी आड आली नाही तर.

वरचे मजले रिकामे आहेत. त्यांचा पेठेशी काय संबंध?

फार मोठा. वर राहणारं माणूस सकाळी लवकर आणि रात्री उशिरा खाली उतरतं, म्हणजे दुकानदाराच्या सगळ्यात मंद वेळात. शिवाय खिडकीत उजेड असला की रात्री रस्त्याने चालताना धीर येतो. अडचण बहुतेकदा जिन्याची असते. दुकान रुंद करताना वर जाणारा स्वतंत्र जिना आत घेतलेला असतो आणि आता वर जायला दुकानातूनच वाट उरलेली असते. आगीच्या वेळी सुटकेची वाट, स्वच्छतागृह, विजेची स्वतंत्र जोडणी हे खर्च एकट्या मालकाला जड जातात. शेजारच्या दोन-तीन इमारतींनी मिळून मागच्या बाजूने एकच जिना काढला तर हिशेब बसतो. अनुदान द्यायचंच असेल, तर कमानीऐवजी या जिन्याला द्या.

पार्किंगशिवाय गिऱ्हाईक येईल का?

दुकानदार म्हणतात पार्किंग कमी आहे. मोजायला जावं तर दारातल्या जागा भरलेल्या आणि मागच्या गल्लीतल्या मोकळ्या. दारातल्या गाड्या बऱ्याचदा दुकानदारांच्या आणि नोकरांच्याच असतात, सकाळी लावलेल्या त्या रात्री निघणाऱ्या. हे कुणाला ऐकायला आवडत नाही.

पार्किंगच्या अर्थशास्त्रावर आयुष्य घालवलेले डोनाल्ड शूप यांचं सूत्र सोपं होतं. दर असा ठेवा की साधारण ८५ टक्के जागा भरलेल्या राहतील, म्हणजे प्रत्येक गल्लीत एखाद-दुसरी जागा नेहमी मिळेल, आणि जमलेला पैसा त्याच रस्त्यावर खर्च करा. ओल्ड पॅसाडिना या कॅलिफोर्नियातल्या मोडकळलेल्या पेठेत १९९३ मध्ये मीटर बसवताना दुकानदारांनी आधी विरोध केला होता. पैसे इथेच फुटपाथ, झाडं आणि साफसफाईवर लागतील असं ठरल्यावर ते तयार झाले आणि पेठेने कात टाकली. गाडीच लागणार नाही इतकी वर्दळ कमी असेल तर अर्थात मीटरचा विचारही करू नका.

मग रस्ता गाड्यांना बंदच करून टाकावा का?

घाई नको. अमेरिकेत कॅलमझू गावाने १९५९ मध्ये मुख्य रस्ता पादचाऱ्यांसाठी राखला, आणि त्याची मूळ योजना वर सांगितलेल्या ग्रुएनचीच. पुढे अशा सुमारे दोनशे रस्त्यांची लाट आली आणि बहुतेक पुन्हा वाहनांना उघडावे लागले. कॅलमझूनेही १९९०च्या दशकाअखेरीस काही भागात गाड्या परत आणल्या. उलट कोपनहेगनचा स्ट्रॉयेट रस्ता १९६२ मध्ये प्रयोग म्हणून बंद झाला तो आजतागायत गजबजलेला आहे. फरक वस्तीचा. कोपनहेगनमध्ये लोक आसपास राहत होते, चालत आणि सायकलवर येत होते. अमेरिकेतल्या गावांतून लोक आधीच निघून गेले होते आणि उरलेले गाडीनेच येणारे होते.

स्पेनमधल्या पोंतेवेद्राने १९९९ पासून मध्यभाग जवळजवळ गाडीमुक्त केला. तिथे कडेच्या वाहनतळांपासून चौकापर्यंत चालत किती मिनिटं लागतात हे मेट्रोच्या नकाशासारखं छापून लोकांना दिलं. 'लांब पडतं' ही तक्रार बहुतेकदा अंतराची नसते, अंदाज नसल्याची असते. तुम्ही आधी आठवड्यातली एक संध्याकाळ रस्ता बंद करून पाहा.

मोठं साखळी दुकान आणलं तर गर्दी आपोआप येणार नाही का?

गर्दी येईल, पण ती त्याच्या वाहनतळावर. अमेरिकेतल्या ॲशव्हिल शहराचा हिशेब पुष्कळदा दिला जातो. गावाबाहेरच्या ३४ एकरांवरच्या वॉलमार्टकडून एकरी सुमारे ६,५०० डॉलर मालमत्ता कर मिळे. पेठेतल्या, दुरुस्त करून खाली दुकानं आणि वर घरं केलेल्या जुन्या इमारतीकडून एकरी सुमारे ६,३४,००० डॉलर. ती इमारत उभी होती जेमतेम पाव एकरापेक्षाही कमी जागेवर. पालिकेच्या सभेत भावनेपेक्षा हा हिशेब मांडा.

शिकागोच्या अँडरसनव्हिल भागातल्या २००४च्या अभ्यासात स्थानिक दुकानात खर्च झालेल्या १०० डॉलरमधले ६८ आणि साखळी दुकानातले ४३ गावातच फिरतात असं दिसलं. अभ्यास स्थानिक व्यापाऱ्यांशी जोडलेल्या संस्थेनेच करवला होता, हे लक्षात ठेवून तो वाचावा. तरी दिशा चुकीची नाही. जमाखर्च लिहिणारा, पाटी रंगवणारा, वकील हे स्थानिक दुकानदार गावातूनच घेतो.

महोत्सव भरवला तर?

भरवा, पण त्याच्या दुसऱ्या दिवशीचा गल्ला विचारा. बाहेरचे स्टॉल दुकानांच्या दारात लावून पेठेच्याच धंद्यावर पाणी पडतं, असं नेहमी घडतं. वर्षातून एकदा वीस हजार लोक येण्यापेक्षा दर आठवड्याला ठरलेल्या वारी तीनशे येणं पेठेला जास्त मानवतं.

गावाला एखादी खास ओळख द्यावी का?

जमलं तर उत्तमच. वेल्सच्या सीमेवरच्या हे-ऑन-वाय या जेमतेम दोन हजार वस्तीच्या गावात रिचर्ड बूथ यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या पुस्तकांचं दुकान काढलं आणि मग रिकाम्या इमारती पुस्तकांनी भरत नेल्या. १ एप्रिल १९७७ रोजी त्यांनी गाव स्वतंत्र राज्य असल्याचं आणि आपण राजा असल्याचं जाहीर केलं. जगभर बातमी झाली, गावाचं नाव झालं. किल्ल्याच्या आवारात उघड्यावर पुस्तकांची कपाटं असतात, विक्रेता कुणी नसतो. पुस्तक उचलायचं आणि पैसे पेटीत टाकायचे. प्रसिद्ध साहित्य महोत्सव त्यानंतर, १९८८ मध्ये सुरू झाला. दुकानं आधी, उत्सव मागाहून, हा क्रम विसरू नका. सल्लागाराकडून बोधचिन्ह आणि घोषवाक्य विकत आणून ओळख बनत नाही.

परवानग्यांतच वर्ष जातं. त्यावर काही उपाय?

डॅलसच्या ओक क्लिफ भागात २०१० मध्ये काही रहिवाशांनी शनिवार-रविवारपुरती एक गल्ली स्वतःच सजवली: रिकाम्या दुकानांत तात्पुरते धंदे, फुटपाथवर टेबलं, सायकलची रंगवलेली मार्गिका. आपण कोणकोणते नियम मोडतोय ते कागदावर छापून त्यांनी दुकानांच्या काचांवर लावलं. कित्येक नियम इतके जुने होते की अधिकाऱ्यांनाही वाचून आश्चर्य वाटलं, आणि पुढे त्यांतले काही बदलले. नियम मोडा असं मी सुचवत नाही. ती यादी मात्र जरूर करा. 'परवानग्या फार किचकट आहेत' या तक्रारीवर कुणी काही करू शकत नाही. फुटपाथवर दोन खुर्च्या मांडायला नक्की कोणता नियम आडवा येतो हे दाखवलं, तर करता येतं.

आमचं दुकान नाही. आम्ही काय करू शकतो?

बसायला जागा करा. शहरांतल्या लोकांच्या वागण्याचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७०च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या चौकांत कॅमेरे लावून लोकांना न्याहाळलं, तेव्हा निघालेला निष्कर्ष हास्यास्पद वाटावा इतका साधा होता: जिथे बसायला जागा असते तिथे लोक बसतात. हलवता येणारी खुर्ची त्यांना आणखी आवडते. बसण्याआधी माणूस ती इंचभर का होईना सरकवतो. छोट्या गावात बाक काढून टाकण्याकडे कल असतो, 'टवाळ पोरं बसतात' म्हणून. बाक काढल्यावर पोरं कठड्यावर बसतात आणि म्हातारी माणसं घरी.

इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डनमध्ये २००८ पासून काही रहिवासी रस्त्याकडेला, पोलीस ठाण्यासमोर, आरोग्य केंद्राच्या आवारात भाज्या लावतात. कुणीही तोडून न्याव्यात. त्यातून पोट भरत नाही, पण अनोळखी माणसांत बोलणं सुरू होतं. वाचनालय, भजनी मंडळ, बुद्धिबळाचा अड्डा, मुलांची शिकवणी यांतलं काहीही पेठेतल्या रिकाम्या गाळ्यात आणता आलं तर ते दुकानाइतकंच उपयोगी आहे.

पेठ सुधारली की भाडी वाढून जुनेच लोक बाहेर पडतील ना?

पडू शकतात. वर्दळ वाढायच्या आधीच दीर्घ मुदतीचे करार करून घ्या, वर्षाची भाडेवाढ किती हे कागदावर आणा. पालिकेच्या किंवा एखाद्या विश्वस्त संस्थेच्या मालकीचे चार-पाच गाळे असतील तर ते विकू देऊ नका. ओस पडलेल्या काळातच असे गाळे स्वस्तात मिळतात.

फरक दिसायला किती काळ लागतो?

काचा, दिवे, पाट्या: काही महिने. पहिली नवी दुकानं: एक-दोन वर्षं. वरचे मजले भरायला आणि मालकांची मनं वळायला त्याहून बरंच जास्त. दोन निवडणुकांमधल्या काळात सगळं होईल असं सांगणाऱ्यापासून जपून राहा.

दुकानदार साठी-सत्तरीचे आहेत आणि मुलांना दुकान नको आहे. मग?

या प्रश्नाकडे फार उशिरा लक्ष जातं. चालतं दुकान बंद पडलं की गिऱ्हाईक, उधारीची वही, माल पुरवणाऱ्यांशी जुळलेले संबंध, सगळं एका दिवसात जातं, आणि तिथे नवं दुकान उभं करायला कितीतरी जास्त खर्च येतो. म्हणून साठीपुढच्या दुकानदारांची वेगळी यादी करा आणि पुढे काय करायचं ठरवलंय हे प्रत्येकाला मोकळेपणाने विचारा. अनेकदा वारस दुकानातच काम करत असतो, फक्त तो मुलगा नसून नोकर असतो. त्याला हप्त्याहप्त्याने धंदा सोपवायचा करार, पहिली दोन वर्षं जुन्या मालकाने आठवड्यातले काही तास बसणं, एवढ्याने काम होतं.

तेही नसेल, तर गावाने मिळून दुकान घ्यावं. ब्रिटनमध्ये अशी शेकडो दुकानं आहेत. शेवटचं दुकान बंद पडायची वेळ आली तेव्हा रहिवाशांनी छोटे छोटे भाग विकत घेतले. कुणाकडे कितीही भाग असले तरी मत एकच, त्यामुळे एखाद्या पैसेवाल्याच्या हाती कारभार जात नाही. बहुतेक ठिकाणी एक पगारी व्यवस्थापक असतो आणि बाकीच्या पाळ्या स्वयंसेवक वाटून घेतात. पाळ्यांचं वेळापत्रक मात्र आधी करा आणि दुकान मागाहून उघडा. उद्घाटनाला सगळे येतात, पण मंगळवारी सकाळी आठला कुलूप कोण काढणार हे आधी ठरलेलं असावं.